लॅपटॉप मी निवडला, नारळाने नव्हे

माझ्या घरात, माझ्या शेजारात आणि आष्ट्याजवळच्या निदान एका गावात, मी लॅपटॉप कसा घेतला याविषयी तीन हकिकती प्रचलित आहेत. तिन्ही चुकीच्या आहेत. पहिली माझ्या मुलाची. तिच्यात मी दुकानात पाणी सांडतो आणि लाजेखातर ते यंत्र विकत घेतो. दुसरी माझ्या पत्नीची. तिच्यात यंत्र तीच निवडते आणि मी फक्त पिशवी उचलतो. तिसरी शेजारच्या निवृत्त सुभेदाराची असून तिच्यात माझे आणि यंत्राचे, दोघांचेही श्रेय एका नारळाला देण्यात आले आहे. या सर्व प्रसंगी मी स्वतः हजर होतो, ही गोष्ट तिघांच्याही स्मरणातून गेलेली दिसते. ती स्मरणात आणून देण्यासाठी हे लेखन.

प्रथम माझा व्यवसाय सांगणे भाग आहे, कारण माझा मुलगा त्याला ‘बाबांचा विरंगुळा’ म्हणतो. साखर कारखान्यात अभियंता म्हणून नोकरी संपवल्यावर मी उपसा सिंचन योजनांचा सल्लागार झालो. नदीचे पाणी पंपाने उचलायचे आणि पाइपमधून माळावरच्या शेतांपर्यंत न्यायचे, अशा या योजना. त्या शेतकऱ्यांच्या संस्था चालवतात; आणि शेवटच्या शेताला पाणी पोहोचेनासे झाले, की त्या माझ्यासारख्याला बोलावतात. मी राहतो साताऱ्यात. कामे बहुतेक सांगलीच्या बाजूला, कृष्णाकाठी. माझे कार्यालय म्हणजे मोटारीची मागची सीट, पंपघराचा ओटा किंवा एखाद्या शाळेतला बाक. वारा आला की कागद उडतात, उसाच्या पाचटाची धूळ डोळ्यांत जाते आणि वीज तिला वाटेल तेव्हा येते. अशा माणसाला लॅपटॉप दिवाणखान्यातल्या माणसासारखा निवडता येत नाही. हे मला कुणी शिकवलेले नाही.

आता जुन्या लॅपटॉपच्या अंताविषयी. खंडेनवमीला आमच्या भागात हत्यारांची पूजा होते, आणि हत्यार म्हणजे केवळ तलवार नव्हे. ज्याचे पोट ज्याच्यावर चालते, ते त्याचे हत्यार. सुभेदाराकडे आजोबांची तलवार निघते, शेतकऱ्याकडे विळे-खुरपी, आमच्याकडे माझी मोजपट्टी, पान्हे आणि लॅपटॉप. त्या सकाळी पाटावर सगळे मांडून झाल्यावर पत्नी म्हणाली, “अहो, त्याचं झाकण मिटा.”

“देवापुढं हत्यार म्यानात ठेवतात का?”

“बरोबर हाय साहेबांचं,” पूजेला आलेला सुभेदार म्हणाला. “तलवार उपसूनच ठिवत्यात, वैनी.”

झाकण मी उघडले होते, हे मी कधीही नाकारलेले नाही. पत्नीच्या हकिकतीत मात्र सगळा दोष त्या झाकणावर येतो, आणि तिथेच ती हकिकत फसते. दोष होता नारळ फोडण्याच्या उंचीचा. नारळ पायरीवर फोडावा. सुभेदाराने तो पाटाच्या बरोबर वर, हातात धरून, कोयत्याच्या पाठीने फोडला. पलटणीत असाच फोडतात, असे त्याचे म्हणणे. पलटणीत खाली लॅपटॉप नसतो, हे त्याने ध्यानात घेतले नाही. पाणी सरळ कीबोर्डवर गेले.

“आता गं बाई! पुसा तो, पुसा!” पत्नी ओरडली. मी हात पुढे केला.

“हां! हात लावू नका!” सुभेदाराने माझे मनगट धरले. “पुजल्यालं हत्यार हाय. दसऱ्याच्या सकाळशिवाय उचलायचं न्हाई.”

आणि जी बाई क्षणापूर्वी ‘पुसा’ म्हणत होती, ती म्हणाली, “तेही खरंच. राहू दे.”

प्रथा आमच्याकडे खरोखरच तशी आहे: पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी विश्रांती. तेव्हा तीन जाणती माणसे खोबरे-साखर खात बसली, आणि समोर झेंडूची फुले वाहिलेल्या लॅपटॉपच्या पोटात नारळाचे गोड पाणी सावकाश वाळत राहिले. तेव्हाच तो उपडा करून पुसला असता, तर आज हा लेख नसता. दसऱ्याच्या सकाळी मी बटण दाबले. काहीही झाले नाही. थोड्या वेळाने कीबोर्डमधून मुंग्यांची रांग बाहेर पडली, अतिशय शिस्तीत. सुभेदार म्हणाला, “सीमोल्लंघनाला निघाल्या जणू.” मी त्याला आपट्याची पाने दिली नाहीत.

त्याच दुपारी एका सिंचन संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला. आष्ट्याजवळच्या त्या संस्थेची पाइपलाइन मी पावसाळ्याआधी पायी फिरून पाहिली होती. शेवटच्या टोकाची शेते कोरडी राहत होती आणि उपाय ठरवायचा होता.

“साहेब, सभा दिवाळीच्या आधी लावतोय. पुण्याची एक कंपनीबी येणार हाय. दोघांचंबी ऐकून घेऊ म्हनलं. तुमी येणार न्हवं?”

“न यायला काय झालं?”

“न्हाई... मागं तुमच्या चिरंजीवांनी फोन उचलला हुता. म्हनलं, साहेब आता थांबणार हायत.”

सणाला आलेला चिरंजीव समोरच श्रीखंड खात होता. मी फोन ठेवला.

“मी थांबणार आहे, हे मला कधी सांगणार होतास?”

“बाबा, वय बघा ना तुमचं. उन्हातान्हात पाइप बघत फिरायचं काय अडलंय? आता तर लॅपटॉपही गेला. हा इशाराच समजा.”

“पंप जळला, म्हणून नदी आटली असं समजायचं का?”

त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते मी कारखान्यात अनेक निरोपसमारंभांत पाहिले होते. प्रश्न केवळ एका कामाचा नव्हता. त्या पट्ट्यात एका गावच्या पाण्याची बातमी दुसऱ्या गावात पाण्याच्या आधी पोहोचते. ‘साहेब सभेला मोकळ्या हातांनी आले, पुण्याच्या पोरांनी नेलं काम,’ एवढी बातमी गेली असती, तर पुढे कुणी बोलावले नसते. मग मुलाचे म्हणणे आपोआप खरे ठरले असते, आणि त्याचे म्हणणे आपोआप खरे ठरू देण्याची माझी तयारी नव्हती.

मुलाने फोनवर चित्रे दाखवली. सगळे लॅपटॉप पापडासारखे. “किती हलका आहे बघा.” मी विचारले, “हा पंपघराच्या ओट्यावरून पडला तर?” तो म्हणाला, “पाडायचा कशाला?” या प्रश्नावरूनच त्याने आयुष्यात पंपघर पाहिलेले नाही, हे उघड होते. साताऱ्यातल्या एका दुकानात गेलो, तर तिथला तरुण म्हणाला, “आजोबा, नातवंडांशी व्हिडिओ कॉलसाठी हवाय का?” मी बाहेर पडलो. मी दार आपटले असे पत्नी सांगते. ते दार काचेचे आणि आपोआप मिटणारे होते. ते कुणालाच आपटता येत नाही.

पत्नीला सांगलीला बहिणीकडे जेवायला जायचे होते. मुलगा गाडी चालवणार होता. तेव्हा सांगलीतच पाहू, असे ठरले. तिथे एक लहान दुकान सापडले. पुढे विक्री, मागे दुरुस्ती. चालवणारी मुलगी तिशीच्या आतली, बोलायला चटपटीत.

“बोला काका. काय काम करता त्यावर?”

“आधी तुमचं कपाट दाखवा.”

“कसलं कपाट?”

“सुट्या भागांचं.”

तिने मुलाकडे पाहिले. मुलाने छताकडे पाहिले. पण इथे मला माझी पद्धत सांगितली पाहिजे, कारण तिन्ही हकिकतींमधून नेमकी तीच गळलेली आहे. पंपाची शिफारस करताना मी त्याचा रंग किंवा जाहिरात पाहत नाही. तो बंद पडणारच आहे, असे धरून चालतो. प्रश्न एवढाच, की बंद पडल्यावर त्याचा वायसर जवळच्या बाजारात त्याच दिवशी मिळतो का. जो मिळतो, तो पंप भरवशाचा. न बिघडणाऱ्या यंत्राची गोष्ट फक्त विक्रेते सांगतात.

कपाट उघडले. बॅटऱ्या, बिजागऱ्या, कीबोर्ड, पंखे. आणि त्यांतले बहुतेक एकाच प्रकारच्या यंत्राचे: कचेऱ्यांसाठी बनवलेला जाड, काळा, म्हशीसारखा लॅपटॉप.

“याचेच एवढे भाग का? हा जास्त बिघडतो?”

ती हसली. “जास्त जगतो, काका. बाकीच्यांचे भाग ठेवून काय करू? ते बिघडले की लोक नवाच घेतात. हा दुरुस्त करत करत वापरतात.”

हा निष्कर्ष मी काढणारच होतो. ती आधी बोलली, एवढेच. मी तोच लॅपटॉप, पण नवा, काढायला सांगितला. बॅटरी स्क्रूने निघते की चिकटवलेली आहे, हे उलटा करून पाहिले. गरम हवा बाजूने निघते की खालून, हे पाहिले, कारण मांडीवर घेऊन काम करणाऱ्याला त्याने फरक पडतो. बिजागरी पन्नासेक वेळा उघडली-मिटली. मुलगा पाचशे सांगतो. मग तो घेऊन मी रस्त्यावर उन्हात गेलो, पडद्यावरची अक्षरे दिसतात का पाहायला. एका रिक्षावाल्याने विचारले, “काका, रेंज येत नाही का?” मुलगा तेव्हा दुसऱ्या एका दुकानाच्या पाटीकडे अत्यंत लक्षपूर्वक पाहत होता.

परत आलो. मुलगी म्हणाली, “अजून एक सांगते. याच्या कीबोर्डवर पाणी सांडलं, तरी खालच्या भोकांतून निघून जातं.”

मी आणि पत्नी, दोघांनीही एकदमच तिच्याकडे पाहिले.

“हे कंपनी म्हणते, की तुम्ही पाहिलंय?” मी विचारले.

“पाहिलं नाही, पण...”

“मग पाहू.”

“अहो काका, तो दुकानातला आहे!”

इथून पुढे तिन्ही हकिकती तीन दिशांना जातात, म्हणून वाचकाने सावध असावे. पत्नीच्या हातात दुकानातूनच दिलेला पाण्याचा पेला होता. मुलगा सांगतो, की मी हातवारे करताना माझे कोपर पेल्याला लागले. पत्नी सांगते, की बहीण जेवायला खोळंबली होती, मी काही निघत नव्हतो, म्हणून तिने वैतागून स्वतःच पाणी ओतून विषय संपवला. खरे असे, की मी “ओत” म्हणालो आणि तिने ओतले. हात तिचा होता, आदेश माझा होता. कारखान्यात झडप फिटर फिरवतो, पण ती कधी फिरवायची हे ठरवणाऱ्यालाच अभियंता म्हणतात. मुलगा म्हणतो, की ‘ओत’ हा शब्द त्याने ऐकला नाही. तो तेव्हा ऐकत नव्हता. तो कधीच ऐकत नाही.

पाणी कीबोर्डवर पसरले, क्षणभर थांबले आणि खालच्या भोकांतून गळून काउंटरवरून थेट मुलाच्या पँटवर गेले. पडदा उजळलेलाच राहिला.

“अय्या, खरंच चालतंय!” दुकानातली मुलगी म्हणाली. स्वतःच्या मालाविषयी इतके प्रामाणिक आश्चर्य मी कुठल्याच विक्रेत्यात पाहिलेले नाही.

ती म्हणाली, की हवा तर खोक्यातला दुसरा देते. मी तोच घेतला. यावरून मुलाने ‘लाजेखातर’ हा शब्द काढला आहे. पण चाचणी झालेला पंप सोडून न झालेला पंप कोण उचलतो? पत्नी मात्र अजूनही बहिणीला सांगते, “शेवटी मीच निवडून दिला बाई. नाहीतर हे अजून तिथंच असते.” तिची बहीण त्या दिवशी आमटी परत गरम करत असल्याने तिला साक्षीदार धरता येत नाही.

पाइपलाइनची मोजमापे माझ्या वहीत होती; ती नव्या यंत्रात भरून मी सभेला गेलो. सभा शाळेच्या मोठ्या वर्गात होती. मुलगा सोबत आला, वडिलांना एकटे पाठवायचे नाही म्हणून. सुभेदारही आला, कुणी न बोलावता. टेबलावर दोन लॅपटॉप ठेवले: पुण्याच्या पोरांचा चकचकीत, सुरीच्या पात्यासारखा; आणि माझा. पोरे सभ्य आणि हुशार होती. त्यांच्यापैकी एकाने मला खुर्चीही दिली. ती मी नाकारली, कारण तो दुसऱ्या कुणालाच खुर्ची देत नव्हता.

सभेच्या आरंभी अध्यक्ष नारळ घेऊन उठले. मला त्याच वेळी काहीतरी आठवायला हवे होते. पण टेबलाजवळच एक दगड ठेवला होता, अध्यक्षांचा हात जोरकस होता, आणि नारळ पाणीदार निघाला. पुण्याच्या पोराने चपळाईने आपला लॅपटॉप मिटून छातीशी धरला. उरलेले पाणी माझ्या लॅपटॉपने घेतले.

मागच्या बाकावर मुलगा उभा राहिला. मी लॅपटॉप तिरका केला, पाणी खालून गळू दिले, गळ्यातल्या पंच्याने कीबोर्ड पुसला आणि एक कळ दाबली. पाइपलाइनचे चित्र होते तसे समोर आले.

“आरं गड्या!” सुभेदार ओरडला. “ह्येला म्हणत्यात हत्यार!” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

याच ठिकाणी सुभेदाराची हकिकत संपते. त्याच्या मते काम मला तिथेच मिळाले. मला हे साफ अमान्य आहे. टाळ्या नारळाला होत्या. निर्णय अजून व्हायचा होता.

पोरांनी प्रोजेक्टरने भिंतीवर रंगीत चित्रे दाखवली. त्यांचा उपाय मोठ्या मोटारीचा होता. माझा होता मोटार तीच ठेवून शेवटच्या टप्प्यातला अरुंद पाइप बदलून रुंद करण्याचा. मी बोलायला उभा राहिलो आणि वीज गेली. भिंतीवरचे चित्र विझले. तेवढ्यात मागून एक पागोटेवाला गृहस्थ उठला. त्याचे वडील मेंढरे घेऊन पूर्वेकडून आले आणि माळावर जमीन घेऊन इथलेच झाले. पाइपलाइनच्या अगदी टोकाला असलेले वावर त्याचे.

“मोटार, पाइप, समदं ऐकलं. माज्या वावरात पाणी येणार का न्हाई, तेवढं दावा.”

“लाइट आली की दाखवतो, काका,” पुण्याचा पोरगा नम्रपणे म्हणाला.

मी लॅपटॉप उचलला, बाकांमधून मागे गेलो आणि तो त्या गृहस्थाच्या मांडीवर ठेवला.

“अबाबा! जड हाय की वं!”

“धरा नीट. हे तुमचं वावर. निळं आहे तिथवर पाणी पोहोचतं, लाल आहे तिथं दम संपतो.”

त्याने मातीने काळवंडलेले बोट पडद्यावर ठेवले. लाल रंग त्याच्या वावराच्या बऱ्याच आधी सुरू होत होता. “ह्ये आत्ताचं. आन् मोटार मोठी केली तर?”

मी आकडा बदलला. निळा रंग थोडा पुढे सरकला आणि बांधाच्या अलीकडेच थांबला.

“पाइप रुंद केला तर?”

मी पाइप बदलला. निळा रंग त्याच्या बोटाखालून पार बांधापर्यंत गेला. त्याने पुन्हा मोटार मोठी करायला लावली, पुन्हा पाइप. शेजारचे वाकून पाहू लागले. कुणीतरी म्हणाले, “माझं दाव की रं,” आणि लॅपटॉप एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जाऊ लागला. किती हातांतून तो गेला ते मला सांगता येणार नाही. एका हाताला तंबाखूचा वास होता, हे नंतर बरेच दिवस कळत होते. शेवटी तो पागोटेवाला अध्यक्षांकडे वळून म्हणाला, “मोटार न्हाई. पाइप.”

ठराव झाला. पुण्याच्या पोराने हात मिळवून मला सांगितले, की आपला लॅपटॉप त्याने तसा कुणाच्या हाती दिला नसता. मी म्हणालो, “देता येईल असाच घ्यायचा.”

परतीच्या वाटेवर मुलगा गाडी चालवत होता. मागे सुभेदार नारळाचे कौतुक करता करता झोपला. कराड आल्यावर मुलगा रस्त्याकडे पाहतच म्हणाला, “बाबा, पुढच्या सभेला त्याला एक चांगली पिशवी घेऊ. तुमच्या खांद्याला जड होतो तो.”

‘पुढच्या सभेला’ हे शब्द त्याचेच आहेत. आज तो ते नाकारतो. सुभेदार झोपला होता, म्हणून साक्षीदार नाही. पण पिशवी आहे.

पाइप बसला. पाणी सोडायच्या दिवशी आम्ही सगळे त्या टोकाच्या वावरात उभे होतो, या वेळी पत्नीही. आधी पाइपमधून हवा फुसफुसली, मग गढूळ पाण्याची गुळणी, आणि मग धार. पागोटेवाल्याने ओंजळ भरून पाणी डोळ्यांना लावले, माझ्याकडे वळला, आणि मी नम्रपणे मान लववण्याच्या तयारीत होतो.

“लॅपटॉप न्हाई आणला व्हय?”

“अहो, पाइपचा व्यास मी काढला! लॅपटॉपनं नव्हे!”

“व्हय व्हय, तुमीच की. पर त्यो कुठं हाय? त्येला कुंकू लावायचं हुतं.”

मी काही बोलायच्या आत मुलगा गाडीतून लॅपटॉप घेऊन आला आणि बांधावर ठेवला. गावातल्या बायकांनी त्याला कुंकू लावले, मग मला. हा क्रम मी विसरलेलो नाही. अध्यक्ष नारळ घेऊन पुढे झाले. पत्नी पटकन म्हणाली, “अहो, त्याचं झाकण मिटा.”

मुलगा सांगतो, की तेव्हा मी घाबरून अध्यक्षांना “तिकडं लांब फोडा” असे म्हणालो. लांब फोडा, असे मी म्हणालो, हे खरे आहे. घाबरून नव्हे, नारळ फोडण्याच्या योग्य अंतराविषयी तांत्रिक सल्ला देणे मला प्राप्तच होते.

झाकण मात्र मी कुणालाही मिटू दिले नाही.